मुक्कामी भटकंतीसाठी ५० लिटरची सॅक

पुण्यातील एका दुकानातून घेतलेली ही ५० लिटरची सॅक राजगड-तोरणा अशा मुक्कामी भटकंतीसाठी योग्य आहे. सिंहगडावरून दुपारपर्यंत परतणाऱ्यांना २०-२५ लिटरची पुरते. या ५० लिटरच्या सॅकची खरी जमेची बाजू म्हणजे मानेखालच्या उंचवट्यापासून कमरेच्या हाडापर्यंतची पाठ मोजून खांद्याचे पट्टे वरखाली सरकवता येतात, आणि कमरपट्टा नीट आवळला की बहुतांश भार खांद्यांऐवजी कमरेवर येतो. दुकानात रिकामी सॅक अडकवून आरशात पाहणे निरर्थक आहे. आत आठ-दहा किलो वजन भरून जिना चढून पाहावा. पावसाळी आवरण मात्र निराशाजनक आहे, कारण सह्याद्रीतील आडव्या पावसात पाणी पाठीच्या बाजूने आत शिरतेच. त्यामुळे कपडे आणि स्लीपिंग बॅग जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळूनच भरावी लागते. बाजूच्या खिशातील बाटलीसाठी दर वेळी सॅक उतरवावी लागते.