आयुष्मान वय वंदना कार्ड: सत्तरीपुढच्यांनी काढूनच ठेवा

आईचं हे सरकारी आयुष्मान भारत योजनेतलं मोफत उपचारांचं कार्ड काढलं, खरंच कामाचं आहे. ७० पूर्ण पाहिजेत आणि वय आधारवरनंच बघतात, त्यामुळे जन्मतारीख आधी नीट तपासा. उत्पन्नाची अट अजिबात नाही, पेन्शनवाले असोत नाहीतर बंगलेवाले, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत, पण ते ५ लाख घरातल्या ७० वरच्या सगळ्यांत मिळून हां, आई-बाबांना वेगवेगळे नाहीत. जुना आजार पहिल्या दिवसापासून चालतो, प्रायव्हेट पॉलिसी असली तरी चालतं, सीजीएचएस-ईसीएचएसवाल्यांना (केंद्र सरकारी कर्मचारी आणि माजी सैनिकांच्या आरोग्य योजना) मात्र दोन्हीतलं एकच निवडावं लागतं. ई-केवायसीला, म्हणजे आधारवरून ओळख पटवताना, आईच्या बोटांचे ठसे उमटेनात, वयामुळे घासलेत, मग चेहरा स्कॅन करून झालं. नुसती ओपीडी यात नाही, ॲडमिट झालं तरच. हॉस्पिटल यादीत आहे का ते १४५५५ या हेल्पलाइनला विचारून मगच न्या.