‘ये’ कोण म्हणालं? विश्वासाच्या धाडसावरचा ऑनलाइन बायबल अभ्यासवर्ग

मी हिशेबनीस आहे. बावीस वर्षं दुसऱ्यांचे जमाखर्च तपासते आहे. नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत जावं, हा विचार दोन वर्षं पाठ सोडत नव्हता. हे देवाचं पाचारण की माझा कंटाळा, ते उमगेना, म्हणून या सहा आठवड्यांच्या वर्गात नाव नोंदवलं. दर शनिवारी दीड तास, नऊ जणांचा गट, शिकवायला एक निवृत्त पाळकीणबाई.

दुसऱ्या शनिवारसाठी तरी हा वर्ग करावाच. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 14 वा अध्याय. येशूचा शिष्य पेत्र पाण्यावर चालला हे लहानपणापासून ऐकलेलं, पण बाईंनी ती वचनं दोनदा वाचायला लावली. पेत्र आधी आज्ञा मागतो, येशू ‘ये’ म्हणतो, मगच त्याचा पाय नावेबाहेर पडतो. लगेच मत्तय 4 उघडायला सांगितलं. तिथे सैतानही उडीच मारायला सांगतो, मंदिराच्या शिरोभागावरून, आणि वर स्तोत्र 91 चा दाखला देतो. येशू उडी घेत नाही. देवाची परीक्षा पाहू नये, हे ‘अनुवाद’ या जुन्या करारातल्या पुस्तकातलं वचन त्याच्यापुढे ठेवतो. बाईंनी एवढंच विचारलं, “हाक कोणाची आहे?” त्या रात्री मला झोप लागली नाही. राजीनाम्यासाठी ‘ये’ असं मी कधी ऐकलंच नव्हतं. मी नावेला कंटाळले होते, इतकंच.

जॉर्ज म्यूलर यांच्यावरचा तिसरा वर्गही माझ्यासारखीला जवळचा वाटला. त्यांनी 1836 मध्ये ब्रिस्टलला अनाथ मुलींसाठी घर उघडलं. माणसांपुढे हात न पसरता, प्रार्थनेवर विसंबून त्यांनी पुढे सुमारे दहा हजार मुलं सांभाळली. हे ठाऊक होतं. पण त्याच माणसाने आलेल्या दानांची काटेकोर नोंद ठेवली आणि कर्ज काढायचं नाही हा नियम पाळला, हे बाईंनी बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करा, या लूक 14 मधल्या येशूच्या बोलण्याशी जोडलं. माझ्या वह्या विश्वासाच्या आड येत नाहीत, हे कुणीतरी पहिल्यांदा सांगितलं.

तक्रार आहे ती पाचव्या आठवड्याची. सगळ्या साक्षी गोड शेवटाच्या: नोकरी सोडली, दुसरी मिळाली. विश्वासाच्या माणसांची यादी देणाऱ्या इब्री 11 चा गृहपाठ 34 व्या वचनाशी थांबवला होता. त्यापुढेच तर करवतीने चिरलेले विश्वासणारे आहेत. अग्नीच्या भट्टीपुढे उभे असलेले दानीएलच्या पुस्तकातले ते तिघे जण, देवाने सोडवलं नाही तरी मूर्तीपुढे वाकणार नाही म्हणणारे, त्यांचा उल्लेखही नाही. मी विचारलं, तेव्हा वेळ संपली होती. ज्याचं पाऊल फसलं आहे, तो अशा वर्गातून आणखी एकटा होऊन जाईल. हे सुधारायलाच हवं.

शेवटी प्रत्येकाने एक पाऊल कागदावर लिहून जोडीदाराला सांगायचं होतं. मी ‘राजीनामा’ लिहिलं, खोडलं आणि ‘दादा’ लिहिलं. वडिलांच्या घरावरून अकरा वर्षं आम्ही बोललो नव्हतो. बुधवारी फोन केला आणि तेव्हा तोंडातून गेलेल्या शब्दांची क्षमा मागितली. त्याने ऐकून घेतलं, “बरं” म्हणाला आणि फोन ठेवला.

या रविवारी उपासनेनंतर पुन्हा करणार आहे.