कॅज्युअल्टीतलं हातातलं मेटल डिटेक्टर – घ्यावं का?

मी सिंधुदुर्गातल्या एका छोट्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टीला सिस्टर आहे. शिमग्याच्या आधी आमच्याकडे हे हातात धरून फिरवायचं मेटल डिटेक्टर आलं, साधंच आहे, आणि आता आसपासचे एकदोन हॉस्पिटलवाले विचारतायत घेऊ का म्हणून, तर लिहितेच. घ्या. फक्त एक लक्षात ठेवा, हे मशीन पेशंटपेक्षा पेशंटबरोबर येणाऱ्यांसाठी जास्त कामाचं आहे.

कारण सांगते. स्ट्रेचर लोखंडी, सलाईनचा स्टँड लोखंडी, व्हीलचेअर तर अख्खीच लोखंडी, त्यामुळे झोपून आलेल्या माणसावर मशीन फिरवलं की ते कोकलतच राहतं, काही कळत नाही. दारात उभी करायची चौकट घेतली तरी तेच, स्ट्रेचर शेवटी बाजूनेच आत घ्यावं लागतं. चालत आलेल्या माणसावर मात्र मस्त चालतं. बक्कल, चाव्या, बांगड्या, सेफ्टीपिना, पायातली प्लेट, सगळ्याला वाजतं, म्हणून वाजलं की लगेच संशय घ्यायचा नाही, आधी खिसे रिकामे करायला सांगायचे आणि मग परत फिरवायचं. पेसमेकर आहे का ते आधी विचारा, असेल तर छातीवर मशीन धरून ठेवू नका, तिथे हातानेच तपासा. आवाज बंद करून नुसतं थरथरणारं बटण असलेलंच घ्या, रात्री बाकीचे पेशंट दचकतात.

आणि आपल्याकडे धार असलेली वस्तू म्हणजे हत्यारच असं थोडंच असतं? माडावरनं, आंब्यावरनं पडलेला माणूस कमरेच्या आकडीत कोयता तसाच घेऊन येतो, होडीवरच्या माणसाकडे सुरी असते. एक काका आलेले माडावरनं पडून, मणक्याची शंका म्हणून त्यांना हलवायचं नव्हतं, चौघांनी मिळून लाकडाच्या ओंडक्यासारखं एका अंगावर वळवलं तेव्हा कोयता हाताला लागला, पात पाठीकडेच होती. तो काढून बाजूला ठेवला तर मान न हलवता ते विचारतात, "गो बाय, माझो कोयतो खंय आसा?" त्यांच्या रोजीरोटीची वस्तू ती! तेव्हापासून आम्ही नाव लिहून चिठ्ठी बांधतो, वस्तू सिक्युरिटीकडे कुलपात, जाताना नातेवाइकांच्या हातात परत. मारामारीच्या केसमधली असेल तर गोष्ट वेगळी, ती ग्लोव्हज घालून कागदी पाकिटात, प्लास्टिकमध्ये ओल धरते, एमएलसीच्या, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसच्या, नोंदीत लिहायची आणि पोलिसांच्या ताब्यात द्यायची.

सिरियस पेशंटचे कपडे आपण कापतोच, तीच खरी झडती, तिथे कुठलंही मशीन हाताची बरोबरी करत नाही. फक्त खिशात हात घालण्याआधी विचारायचं, "बाबा, काय टोचणारं आहे का खिशात, आमच्या हाताला लागेल." हत्यार आहे का असं विचारलं की माणूस बिथरतो, असं विचारलं की स्वतःहून काढून देतो. आणि झडतीसाठी उपचार थांबवायचे नाहीत, श्वास आणि रक्तस्राव आधी.

शिमग्यात खरी परीक्षा झाली. भांडणातल्या दोन्ही बाजू एकाच कॅज्युअल्टीत, पाठोपाठ गाड्या भरून माणसं, दारू प्यालेली. दारावर सगळ्यांनाच मशीन लावलं, सरपंच असो की कोण असो, पेशंटमागे एकच माणूस आत. सगळ्यांना लावलं म्हणून कोणी रागावलं नाही, एकालाच निवडून लावलं असतं तर तिथेच पेटलं असतं.

चेन्नईत नोव्हेंबर २०२४ मध्ये पेशंटच्या मुलाने सरकारी हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना चाकूने भोसकलं, तसला चाकू दारावर सापडू शकतो. पण केरळात कोट्टारक्कराला १० मे २०२३ ला डॉ. वंदना दास गेल्या त्या हॉस्पिटलातल्याच कात्रीने, आणि मारणाऱ्याला उपचारासाठी पोलिसांनीच आणलं होतं. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. दारावरचं मशीन तिथे काय करणार? म्हणून आम्ही ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर कात्री, ब्लेड उघडं ठेवत नाही, काम झालं की मोजून ड्रॉवरमध्ये. मशीन घेणाऱ्यांनी हे पण त्याच दिवशी सुरू करा, याला पैसे लागत नाहीत. आपल्या महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, हॉस्पिटलच्या माणसांवर हल्ला केला तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड, पण तो लागतो मार खाऊन झाल्यावर.

मशीनबद्दल तक्रार एकच, खाऱ्या हवेत बॅटरीच्या टोकांना हिरवा गंज चढतो, अधूनमधून पुसावं लागतं. ड्युटी बदलताना स्वतःच्या चाव्यांवर वाजवून बघा. चार्जिंगवालं घेऊ नका, पावसात आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, सेलवालंच बरं.

आणि रात्रीच्या ड्युटीला लेडीज गार्ड ठेवा. बायकांना पुरुष गार्डने मशीन लावलेलं कोणालाच चालत नाही, चालूही नये, मग ते काम आम्हा सिस्टरांवर येतं आणि तेवढा वेळ पेशंटजवळ कोणी नसतं. आमच्याकडे अजून दिवसाच आहे. दुसरं मशीन घ्यायचं म्हणतायत, मी मॅनेजमेंटला लेखी दिलंय, त्याच्या आधी रात्रीची गार्ड द्या.