मागवाल्याचं सीसी खातं: कुणाला फळतं, कुणाला नाही

चार-आठ मागांवर स्वतःचं कापड विणणाऱ्याला बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी (ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसं उचलायचं आणि परत भरायचं कर्जखातं), घेण्यासारखं आहे. अट एकच: त्या पैशातून सूत रोखीनं उचलायचं. इचलकरंजीत बहुतेकांचं गणित इथंच फसतं.

समजा, रोखीत 250 रुपये किलोचं सूत 30 दिवसांच्या उधारीवर 255 ला पडतं. हे पाच रुपये म्हणजे महिन्याला दोन टक्के, वर्षाला 24. सीसीचा दर 11 टक्के धरला, तर तेच सूत महिनाभर सांभाळायला किलोमागे 2 रुपये 30 पैसे लागतात. तेही वापरलेल्या रकमेवर, रोजच्या शिलकीनुसार. उधारीचं व्याज भावातच मुरलेलं असतं, म्हणून ते वहीत कुणी मांडत नाही.

खरी मेख ड्रॉइंग पॉवरची, म्हणजे साठा आणि येणं बघून बँक प्रत्यक्षात उचलू देते त्या रकमेची. समजा, मंजुरी 6 लाखांची आहे. सूत, बिमं (ताण्याचं सूत गुंडाळलेले रूळ) आणि पडून असलेले तागे मिळून साठा 5,50,000. सूतवाल्याचं देणं 2,00,000 वजा, उरले 3,50,000. 25 टक्के मार्जिन, म्हणजे बँक ज्यावर कर्ज देत नाही तो आपला हिस्सा, गेलं की 2,62,500. गिऱ्हाइकांकडून येणं 6,00,000, त्यातलं 90 दिवसांवरचं 2,00,000 बाद. राहिलेल्या चार लाखांवर 40 टक्के मार्जिन कापून 2,40,000. उचलता येतात 5,02,500. उधारीचं सूत कितीही भरलं तरी ही रक्कम रुपयानं वाढत नाही. मार्जिन बँकेगणिक बदलतं, मंजुरीपत्र नीट वाचा. मजुरीवर विणत असाल तर सूत व्यापाऱ्याचं असतं, ते साठ्यात धरता येत नाही. अशांना या खात्याचा उपयोग बेताचाच.

सायझिंगला, म्हणजे खळ लावायला, गेलेल्या सुताचं चलन जपून ठेवा आणि विम्यात सायझिंगचा पत्ताही घाला. पॉलिसीवर फक्त कारखान्याचा पत्ता असेल, तर सायझिंगमध्ये आग लागल्यावर भरपाई अडते.

दिवाळीत कामगार गावी जातात, माग थांबतात आणि बँकेला द्यायचा साठ्याचा हिशेब, म्हणजे स्टॉक स्टेटमेंट, राहून जातं. ते तीन महिन्यांहून जुनं झालं की त्यावरची उचल अनियमित ठरते. तसंच 90 दिवस चाललं तर खातं एनपीए, म्हणजे थकीत. माग बंद असले तरी स्टेटमेंट द्याच.

सगळ्यात वाईट म्हणजे सीसीतून जुना माग घेणं किंवा कामगारांना मोठी उचल देणं. तो पैसा महिन्याभरात कापडातून परत येत नाही, लिमिट कायमचं भरलेलं राहतं आणि सूत पुन्हा उधारीवर. मागासाठी वेगळं मुदत कर्जच काढा.

बिलावर उद्यम नंबर (लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) छापा आणि मुदत लेखी ठेवा. सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. मुदत चुकवली, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च आयकरात वजा मिळत नाही. मार्च जवळ आला की जुनी येणी मागायला हा मुद्दा हाताशी असू द्या.