सेकंडहँड खुर्च्या घरीच दुरुस्त करून रोज वापरल्या: काही महिन्यांनंतर काय टिकलं

आमच्या घरातल्या खुर्च्यांमध्ये सध्या एकही नवी नाही आणि एक दुसरीशी जुळतही नाही. दोन साध्या लाकडी, उशीच्या बैठकीच्या. एक वेताच्या जाळीची. एक वाफेवर वाकवलेल्या लाकडाची. सगळ्या स्वस्तात मिळालेल्या, सगळ्या घरी दुरुस्त केलेल्या. दुरुस्ती संपते त्या दिवशी प्रत्येक खुर्ची सुंदरच दिसते, त्यामुळे त्या दिवशीच्या फोटोंवर फारसा विश्वास ठेवू नये. चांगल्या वजनाचा माणूस महिनोन्महिने तिच्यावर बसतो, मागे रेलतो, बसल्या बसल्या ती सरकवतो, त्यानंतर काय ते कळतं.

माझं मत आधीच सांगते. सांध्यांवर घालवलेला सगळा वेळ वसूल झाला. पॉलिशवर घालवलेला निम्मा वेळ केवळ हौस होती.

खुर्ची खिळखिळी का होते हे समजलं की दुरुस्तीची दिशा आपोआप ठरते. आडव्या पट्टीचं टोक पायात पाडलेल्या भोकात घट्ट बसवलेलं असतं. हवा दमट झाली की लाकूड त्याच्या तंतूंच्या रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, पण भोकात जागा नसते, मग टोकाचे तंतू चेपले जातात. हवा कोरडी झाली की ते टोक आकसतं आणि चेपलेलं असल्यामुळे मूळ मापापेक्षा थोडं बारीकच राहतं. असं वर्षानुवर्षं चालतं आणि गोंद सुटतो. त्यात कुणाला मागच्या दोन पायांवर झुलायची सवय असेल तर बघायलाच नको. बैठकीची चौकट मागच्या पायांना जिथे मिळते तिथे सगळा ताण येतो, म्हणून बहुतेक खुर्च्यांत तोच सांधा आधी जातो.

अशा सांध्यात आधीच्या मालकाने खिळा ठोकलेला असतो, हे जवळपास गृहीत धरावं. खिळा सांधा धरत नाही. लाकूड फाडतो, गंजतो आणि पुढच्या माणसाला सांधा नीट उघडू देत नाही. माझ्या दोन लाकडी खुर्च्यांमधला सगळ्यात कंटाळवाणा भाग हे खिळे लाकूड न तोडता काढणं हाच होता.

सांधा उघडल्यावर आत कुठला गोंद आहे हे पाहावं. जुना सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेला गोंद, असेल तर गरम पाण्याने मऊ पडतो आणि त्यावर नवा सरस चांगला धरतो. पांढरा गोंद असेल तर मात्र तो खरवडून कोरं लाकूड दिसेपर्यंत साफ करावा लागतो, कारण जुन्या पांढऱ्या गोंदाने लाकडाची रंध्रं बुजलेली असतात आणि नवा थर वरवरच राहतो. बाहेरून फटीत गोंद सोडून दाबून ठेवायचा, हा उपाय सगळेच सांगतात. त्याने काही आठवडे बरे जातात, एवढंच. शिवाय पांढऱ्या गोंदाला पातळ थरातच जोर असतो, मोठी फट तो भरू शकत नाही. टोक फारच बारीक झालं असेल तर त्याला रंध्याने काढलेला पातळ लाकडी पापुद्रा चिकटवून माप वाढवावं, नाहीतर इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा फट भरणारा गोंद, वापरावं.

गोंद लावण्याआधी एकदा सगळं कोरडंच जुळवून पाहणं आवश्यक आहे, कारण एकदा गोंद लागला की हातात फार थोडा वेळ उरतो. मोठे क्लॅम्प नसले तरी अडत नाही. चारही पायांभोवती दोरीचे दोन वेढे द्यायचे, मध्ये काठी घालून पीळ भरायचा आणि काठी आडव्या पट्टीला अडकवून ठेवायची. फक्त पीळ भरताना खुर्ची सपाट जमिनीवर उभी हवी, नाहीतर चौकट वाकडी सुकते आणि एक पाय कायमचा अधांतरी राहतो. चोवीस तास तिच्यावर कुणाला बसू देऊ नये.

या दोन्ही खुर्च्यांनी मधल्या काळात दमट हवा पाहिली, कोरडीही पाहिली. अजून एकदाही कुरकुरल्या नाहीत.

वाकवलेल्या लाकडाच्या खुर्चीचं प्रकरण वेगळं. फर्निचर कारागीर मिखाएल थोनेट यांची 1859 सालची चौदा नंबरची खुर्ची म्हणजे लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावत. माझ्याकडची त्याच घराण्यातली, कुणीतरी केलेली नक्कल आहे. पण मूळ युक्ती तिच्यातही आहे: ताण घेणारे जोड गोंदावर अवलंबून नाहीत, स्क्रूवर आहेत. दुरुस्ती म्हणाल तर सगळे स्क्रू काढले, साफ केले, परत आवळले. एका भोकात स्क्रू नुसताच फिरत होता, तिथे गोंद लावलेली लाकडाची काडी ठोकली आणि स्क्रूने पुन्हा पकड घेतली. वापरताना हे स्क्रू अधूनमधून सैल होतात हे खरं आहे. खुर्ची उलटी करून आवळायला जेमतेम पाच मिनिटं लागतात. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने याच प्रकारापासून सुरुवात करावी.

वेताच्या खुर्चीबद्दल दोन मतं आहेत, दोन्ही माझीच. बसायला ती सगळ्यात आरामशीर, हवा खेळती राहते. तिची जाळी तयार विणलेली मिळते, चौकटीतल्या खाचेत दाबून वरून वेताची पट्टी ठोकून बसवायची. हाताने भोकाभोकातून विणण्याचा प्रकार वेगळा, त्याला फार चिकाटी लागते. जाळी आधी कोमट पाण्यात भिजवून मऊ करतात आणि ओलसर असतानाच बसवतात, म्हणजे वाळताना ती स्वतःच ताणली जाते. बसवल्यावर पहिले काही दिवस तर तिच्यावर टिचकी मारली की चक्क वाजायची.

आता ती मध्यभागी थोडी खाली आली आहे. त्यावर इलाज आहे: खालच्या बाजूने ओला फडका फिरवायचा आणि रात्रभर खुर्ची रिकामी ठेवायची, सकाळी जाळी बरीचशी वर येते. फडका खालूनच फिरवायचा, कारण वेताची वरची चकचकीत साल पाणी फारसं शोषत नाही. बसण्याने जाळी फाटत नाही, पण कुणी तिच्यावर गुडघा टेकला किंवा माळ्यावरचं काढायला पाय देऊन चढलं तर ती गेलीच म्हणून समजा. ज्या घरात खुर्चीचा शिडीसारखा वापर होतो तिथे वेत नको.

उशीच्या बैठकीत एकच गोष्ट मोलाची, फोम. जुना फोम काढला तेव्हा त्याचा पिवळा भुगा झालेला होता. नवा घेताना डेन्सिटी आणि कडकपणा यांत गल्लत करू नये. डेन्सिटी म्हणजे त्यात माल किती आहे, आणि तो किती दिवस आकार धरेल हे त्यावर ठरतं. हाताला कडक लागणारा फोमही हलक्या डेन्सिटीचा असू शकतो आणि मग लवकर बसतो. चाळीस डेन्सिटीचा (म्हणजे घनमीटरला चाळीस किलो) पाच सेंटिमीटर जाड फोम माझ्याकडे अजून व्यवस्थित आहे. फोम जाड केला की बैठकीची उंची वाढते, हेही लक्षात असू द्यावं. टेबलाच्या खुर्चीला साधारण 45 सेंटिमीटर उंची आणि बैठकीपासून टेबलाच्या माथ्यापर्यंत पंचवीस ते तीस सेंटिमीटर अंतर असलं की बरं पडतं.

पॉलिशचं थोडक्यात. जुना थर कशाचा आहे हे बघायला आडोशाच्या जागी स्पिरिटचा बोळा लावावा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश. ते मी दोन खुर्च्यांवर राहू दिलं, वर नवे हात दिले. गरम कपाने खुर्चीच्या हातावर पांढरं वर्तुळ उमटलं, पण लाखेचा नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे डाग घालवणं सोपं गेलं. बाकीच्यांवर पॉलियुरेथेनचं वॉर्निश आहे. त्यावर डाग पडत नाहीत, पण चरा पडला की तेवढ्यापुरतं ठिगळ लपत नाही. सँडपेपर 120 वरून 180, मग 220, नेहमी रेषांच्या दिशेने. आणि व्हीनियर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर) असेल तर फारच जपून, तो कागदाइतकाच पातळ असू शकतो.

इथे दोन धोक्यांकडे दुर्लक्ष करू नये. फार जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नये. आधी तपासणीची किट वापरावी, घरात लहान मुलं असतील तर नक्कीच. आणि जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून ठेवली तर ती सुकताना स्वतःच तापून पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

आता पुढच्या खुर्च्या शोधते आहे आणि डोळ्यांत तेल घालून काही गोष्टी टाळते आहे. मागच्या पायाला रेषांच्या आडवी तडा असेल तर नको. भुशाच्या दाबलेल्या फळीची असेल तर नको, त्यात स्क्रू एकदा सुटला की परत धरत नाही. बारीक भोकांची भीती नाही, पण खाली काळा कागद ठेवून खुर्ची आपटल्यावर ताजी, पिठासारखी पूड पडली तर आत भुंगा जिवंत असायची शक्यता दाट. ती घरात आणायचीच नाही. नुसती डगडगणारी, खिळे ठोकलेली, रंग उडालेली मिळाली तर मात्र लगेच उचलायची.