एम६ वायर इन्सर्ट किट: स्प्रिंगा पैकीच्या पैकी, ड्रिल नापास

बोल्टच्या भोकातले आटे गेले की त्यात वायरची स्प्रिंग बसवून नवे आटे करायचे, त्यासाठीचे हे किट. निकाल आधीच सांगून टाकतो. या किटमधल्या वायरच्या स्प्रिंगा झकास आहेत, टॅप (भोकात आटे कापायचे हत्यार) चालण्यासारखा आहे, स्प्रिंग बसवायचे हत्यार कामचलाऊ आहे आणि ड्रिल सरळ बाजूला काढून ठेवावे. पाचपैकी साडेतीन गुण. अर्धा गुण जास्तच दिलाय म्हणा, पण मोटारसायकल घरी खोलणाऱ्याला एवढ्याशा डबीने जो दिलासा मिळतो त्याचा तो आहे.

नोकरी टूलरूममध्ये फिटर म्हणून झाली. त्यामुळे टॅप हातात आला की आधी त्याच्या धारा उजेडात धरून बघायची खोड आहे. डबीवर कुणाचे नाव नाही. हेलिकॉइल हे एका ब्रँडचे नाव, पण आता अशा सगळ्याच स्प्रिंगांना सर्रास तेच म्हणतात. हे किट त्या ब्रँडचे नाही, त्याच धर्तीवरचे आहे. आत एम६ × १.० मापाच्या (६ मिलिमीटर जाड बोल्टच्या, पिच म्हणजे दोन आट्यांतले अंतर १ मिलिमीटर), ९ मिलिमीटर लांबीच्या स्प्रिंगा, ६.३ मिलिमीटरचे ड्रिल, खास टॅप, बसवायचा दांडा आणि स्प्रिंगेची शेपटी (बसवताना पकडायला टोकाशी आडवी वळवलेली तार) तोडायचा पंच. सूचनांचा कागद आहे, पण त्यातली चित्रे पोस्टाच्या तिकिटाएवढी.

काम होते क्लच कव्हरच्या एका बोल्टचे. गाडी जुनी, हवेवर थंड होणारी, सिंगल सिलिंडर. माझ्याकडे येण्याआधी तिचे बोल्ट कुणीतरी इम्पॅक्ट गनने (झटके देत बोल्ट आवळणाऱ्या मशीनने) आवळलेले दिसतात. कव्हर उघडताना हा बोल्ट फिरत होता पण सुटत नव्हता. ओढून काढला तेव्हा त्याच्या आट्यांत अॅल्युमिनियमची बारीक तार गुंडाळून आली. भोकातले आटेच ते, मुळासकट निघालेले. अशा वेळी टॅप फिरवून काही मिळत नाही, कारण फिरवायला धातूच उरलेला नसतो.

मात्र प्रत्येक खराब आट्याला किट लागत नाही. बोल्टचे आटे गेले असतील तर बोल्ट बदला, संपला विषय. भोकाचे तोंडाजवळचे एकदोन आटे दबले असतील तर चेझर फिरवा. चेझर दबलेले आटे सरळ करतो. साधा टॅप मात्र कापतो, आणि आधीच झिजलेल्या भोकातला आणखी धातू घेऊन जातो. आणखी एक गोष्ट पुष्कळ जण बघतच नाहीत. एक बारीक तार भोकात घालून खोली मोजा. कंपनीचा बोल्ट कधी कधी तळापर्यंत जात नाही, आणि खाली चांगले आटे शाबूत असतात. तसे असेल तर थोडा लांब बोल्ट लावून काम भागते. फक्त तो तळाला टेकता कामा नये, नाहीतर आवळताना कास्टिंगलाच तडा जाईल. माझ्या गाडीत खाली काही शिल्लक नव्हते, म्हणून हे किट.

आता ड्रिल. एम६ च्या स्प्रिंगेसाठी भोक ६.२ ते ६.४ च्या आसपास हवे. त्यावर पडणाऱ्या आट्याचा बाहेरचा व्यास साधारण ७.३ होतो. म्हणजे भोक वाढले की आट्याची उंची कमी होते आणि स्प्रिंगेला धरायला धातू कमी पडतो. या ड्रिलच्या दोन धारांची लांबी सारखी नाही, नुसत्या डोळ्यांना कळते. अशा ड्रिलचे टोक मधोमध नसते, ते आपल्या मापापेक्षा मोठे भोक पाडते. अॅल्युमिनियमच्या भंगार तुकड्यात पाडून बघितले तर भोक ६.५ च्या जवळ आले. इंजिनच्या केसिंगमध्ये हे झाले असते तर पुढचा मार्ग एकच, याहून मोठे काहीतरी. ज्याच्याकडे व्हर्नियर (बारीक माप घ्यायचे साधन) नाही तो हे तपासणार कसा? किट विकणाऱ्याने इथे हात आखडता घेतला आहे. चांगल्या धारेचे ६.३ चे एचएसएस (हायस्पीड स्टीलचे) ड्रिल वेगळे घ्या.

ड्रिल चांगले असले तरी ड्रिल मशीन हातात धरून केसिंगवर जाऊ नका. आटे निघून गेलेले भोक आधीच जवळजवळ ६ मिलिमीटरचे असते, व्यास वाढवायचा असतो तो जेमतेम ०.३ ने. एवढ्याशा थरात ड्रिलची धार अॅल्युमिनियममध्ये अडकते आणि ड्रिल स्क्रूसारखे स्वतःला आत खेचून घेते. खोली हुकते, भोक तिरपे होते. मी ड्रिल टॅप हँडलमध्ये पकडून हातानेच फिरवले. आधी लोखंडाचा एक जाड ठोकळा घेऊन त्यात बेंच ड्रिलवर काटकोनात भोक पाडले, तो ठोकळा केसिंगच्या सपाट तोंडावर क्लॅम्प केला आणि ड्रिल त्यातून उतरवले. वेळ लागतो. लागू द्या. तिरप्या भोकात बसवलेली स्प्रिंग कितीही पक्की असली तरी बोल्टचे डोके कव्हरवर एका बाजूनेच टेकते आणि गॅस्केटमधून तेल झिरपत राहते. या सगळ्या कामाचा निकाल भोकाच्या काटकोनावर लागतो, आणि त्यासाठीची कुठलीच वस्तू डबीत नाही. भोकाच्या मापाची एक साधी लोखंडी बुश (ड्रिल सरळ उतरवणारी नळी) दिली असती तर मी पूर्ण चार गुण दिले असते.

खोलीसाठी ड्रिलला चिकटपट्टी गुंडाळून खूण करा. क्लच उघडा असतो, त्यावर कापड पसरून कडा टेपने बंद करा. अॅल्युमिनियमचा कीस चुंबकाला लागत नाही, हे ऐन वेळी आठवण्यापेक्षा आधी आठवलेले बरे. ड्रिलच्या आणि टॅपच्या खाचांत ग्रीस भरले की बराचसा कीस त्यालाच चिकटून बाहेर येतो. राहिलेला व्हॅक्यूमने ओढून घ्या. हवेचा फवारा मारला तर तो थेट इंजिनात जाऊन बसेल.

टॅप मला अपेक्षेपेक्षा बरा निघाला. धारा स्वच्छ आहेत, भंगार तुकड्यात पाडलेले आटे फाटले नाहीत. अॅल्युमिनियमला रॉकेल लावले की टॅप छान चालतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, अधूनमधून पूर्ण बाहेर काढून पुसायचा. हा एम६ चा नेहमीचा टॅप नाही, त्याच पिचचा पण मोठ्या व्यासाचा आहे. तो दुसरीकडे वापरू नका आणि याच्या जागी दुसरा वापरू नका. तक्रार एकच. टोकाचा निमुळता भाग लांब आहे, त्यामुळे तळ बंद असलेल्या भोकात शेवटचे काही आटे अर्धवटच पडतात. माझे भोक पुरेसे खोल होते म्हणून ९ मिलिमीटरची स्प्रिंग बसली. उथळ भोकासाठी तळापर्यंत कापणारा दुसरा टॅप लागेल, तो यात नाही.

आणि आता ज्याच्यासाठी पैसे मोजायचे ती स्प्रिंग. स्टेनलेसची तार, तिचा छेद चौकट गुलामातल्या चौकटीसारखा. बाहेरचे कोपरे अॅल्युमिनियमच्या आट्यात बसतात, आतल्या कोपऱ्यांचा मिळून बोल्टसाठी नवा आटा होतो. मोकळी असताना स्प्रिंग भोकापेक्षा जाड असते. फिरवून आत घालताना ती आवळली जाते आणि बसल्यावर बाहेरच्या बाजूला दाबून राहते, म्हणून चिकटवायला काही लागत नाही. अॅल्युमिनियमला आता मोठ्या व्यासाचा आटा मिळालेला असतो आणि बोल्ट दर वेळी स्टेनलेसवर घासतो. त्यामुळे नीट बसवलेली जागा मूळ जागेपेक्षा भक्कम होते. मी भंगार तुकड्यात एक बसवून त्यात ८.८ ग्रेडचा (मजबूत पोलादाचा) बोल्ट मुद्दाम आवळत नेला. बोल्ट तुटला, स्प्रिंग जागची हलली नाही. पिच सगळीकडे सारखे, तारेला कुठे बर (धातूची उचललेली कड) नाही. इथे पैकीच्या पैकी.

बसवायचा दांडा मात्र पाहुण्यासारखा सांभाळून घ्यावा लागतो. टोकाच्या खाचेत स्प्रिंगेची शेपटी अडकवून हलक्या हाताने फिरवायचे. खाली दाबायचे नाही, आटा तिला आपणहून आत घेतो. दाबलेत की स्प्रिंग एक आटा ओलांडून बसते आणि मग बोल्ट मधेच अडतो. चांगल्या हत्यारांत स्प्रिंग आधी आवळून घेणारी नळी असते, इथे नुसता दांडा. खोलीचा अडथळाही नाही, तेव्हा नजर ठेवून स्प्रिंगेचे वरचे टोक पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली गेले की थांबा. वर राहिले तर कव्हर नीट बसणार नाही. मग पंच शेपटीवर ठेवून एक ठोका. शेपटी खाचेवर तुटते, ती चिमट्याने बाहेर काढायचीच. स्टेनलेस असल्याने चुंबकावर विसंबू नका.

भोकाच्या तोंडाशी टॅपने उचललेली कड तेवढी कानशीने काढून टाका, पण गॅस्केटच्या तोंडावर ओरखडा येऊ देऊ नका. बोल्ट नवा लावला, आट्यांवर अँटीसीझचा (आटे जाम होऊ न देणाऱ्या लेपाचा) पुसट हात फिरवला आणि टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने) आवळला. अशा कव्हरच्या एम६ बोल्टला बहुतेक मॅन्युअल १० न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क सांगतात, तोही कोरड्या आट्यांचा. ग्रीस किंवा अँटीसीझ लावले की तोच आकडा बोल्टला जास्त ताणतो, म्हणून मी थोडा कमी ठेवला. कव्हर त्यानंतर पुन्हा उघडून झाले. बोल्टबरोबर स्प्रिंग बाहेर आली नाही, तेलाचा डागही नाही.

याच बनावटीची एम८ आणि ड्रेन बोल्टची (इंजिनचे तेल काढायच्या बोल्टची) किटे मिळतात. एम८ घ्यायला हरकत नाही, सायलेन्सरच्या स्टडला उपयोगी पडते. ड्रेन बोल्टसाठी मी वायरपेक्षा जाड भिंतीची अखंड बुश (आतबाहेर आटे असलेली नळी) पसंत करतो, कारण तो बोल्ट दर सर्व्हिसला सुटतो. आणि आपले आटे आपणच कापत जाणारा जाड ड्रेन बोल्ट कुणी सुचवला तर हात जोडा. तो वाकडा शिरतो आणि तेलाच्या चेंबरची वाट लावतो. स्पार्क प्लगसाठी तर वायरची स्प्रिंग नकोच. तुटलेली शेपटी सिलिंडरमध्ये पडली तर हेड उतरवण्याची पाळी येते. तिथेही अखंड बुशच, आणि हेड काढून बेंचवर ठेवूनच बसवा.

स्प्रिंगा सुट्याही मिळतात. ज्यांच्याकडे एसटीआय टॅप (अशा स्प्रिंगेसाठीचा, वर सांगितलेला मोठ्या व्यासाचा टॅप) आहे त्यांनी त्याच घ्याव्यात, किटच्या वाटेला जाऊ नये.