बदलीवरच्या मुलांचा अभ्यास कशात नोंदवून ठेवावा: ॲपमध्ये की वहीत?

देवळाली कॅम्पात किंवा नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात बदलून आलेली नवी कुटुंबं शाळेच्या प्रवेशाच्या दिवसांत हटकून विचारतात, की मुलांच्या अभ्यासाची नोंद कशात ठेवता? शाळेचं ॲप आणि अपारचा, म्हणजे सरकारने दिलेला विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक पुरतो, की घरी वेगळं काही ठेवावं लागतं? मी गेल्या वर्षी तोफखान्यातून निवृत्त झालो, आता भगूरला राहतो. आमच्या दोन मुलांनी मिळून सात शाळा पाहिल्या. दोन्ही पद्धती आम्ही वापरल्या आहेत, म्हणून सांगावंसं वाटतं.

आधी सरकारी नोंदीबद्दल, कारण तिला नावं ठेवण्यासारखं फारसं नाही. अपारचा १२ अंकी क्रमांक एकदा निघाला की तो मुलाबरोबर सगळीकडे जातो आणि डिजिलॉकरला जोडला जातो. युडायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवरचा पेन, म्हणजे मुलाचा कायम शिक्षण क्रमांकही तसाच कायम राहतो. फक्त दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. आधारवरचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरातलं नाव अक्षरन् अक्षर सारखं हवं. आमच्याकडे वडिलांचं नाव एका ठिकाणी होतं, दुसऱ्या ठिकाणी नव्हतं, तेवढ्यावरून तीन फेऱ्या झाल्या. दुसरं म्हणजे जुन्या शाळेने मुलाला त्याच पोर्टलवरच्या ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत टाकल्याशिवाय नवी शाळा त्याला आपल्याकडे ओढून घेऊ शकत नाही. टीसी घेताना तिथल्या तिथे विचारून घ्या, पाचशे कोसांवरून फोन करत बसू नका.

केंद्रीय विद्यालयातून केंद्रीय विद्यालयात जाणार असाल तर अर्धी काळजी तिथेच मिटते. १९६३ पासून ही शाळा बदलीवाल्यांसाठीच चालली आहे, पुस्तकं सगळीकडे तीच असतात. पण जवळ केंद्रीय विद्यालय नसेल किंवा जागा नसेल, तर जी शाळा मिळेल ती घ्यावी लागते.

आमचं मत बदललं ते शाळेच्या ॲपमुळे. पंजाबात असताना मुलगी पाचवीत होती. ॲप खरंच चांगलं होतं. चाचण्यांचे गुण, बाईंचे शेरे, तपासलेल्या उत्तरपत्रिकांचे फोटो, सगळं त्यातच दिसायचं. मी फील्डला होतो, तेव्हा रात्री नेटवर्क आलं की तेच उघडून बघायचो. नोव्हेंबरात देवळालीची बदली आली. सकाळी टीसी काढली आणि संध्याकाळी ॲप उघडेना. शाळेत फोन केला तर उत्तर मिळालं, विद्यार्थिनी आता पटावर नाही, लॉगिन देता येत नाही. नियमाने त्यांचं बरोबर असेल. पण सहामाहीच्या उत्तरपत्रिका आत अडकल्या त्या अडकल्याच.

इथल्या गणिताच्या बाईंनी विचारलं, अपूर्णांक कुठवर झालेत? मला सांगता येईना. मुलगी म्हणाली, झालेत. नव्या वर्गात चाळीस मुलांसमोर पोर दुसरं काय म्हणणार? दीड महिन्याने चाचणी झाली. पेपरात तिने एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश असं लिहिलं होतं. वरचं वर मिळवलं, खालचं खाली. छेद सारखे करायचे असतात हा धडा जुन्या शाळेत व्हायचा होता आणि इथे होऊन गेला होता. अपारमध्ये पाचवीची सहामाही होती की नव्हती, याने काही फरक पडला नसता. गुण असते तरी त्यांनी हे सांगितलं नसतं.

माझी मेहुणी सिन्नर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदी लिहिण्याची तिला सवय. ती म्हणाली, "भाऊजी, गुण नका जमवू, नोंद मागा." तेव्हापासून दोन्ही मुलांची एकेक दोनशे पानी वही आहे, जाड पुठ्ठ्याची. शाळा सोडताना वर्गशिक्षकांना तीन प्रश्न लिहून देतो: काय पक्कं झालंय, काय अर्धवट राहिलंय, वर्गात कसा असतो.

सगळेच मनापासून लिहितात असं नाही. काहींनी "हुशार व आज्ञाधारक" एवढंच लिहून सही केली. त्याचा उपयोग शून्य. पण राजस्थानातल्या एका बाईंनी धाकट्याबद्दल हिंदीत लिहिलं होतं, त्याचा अर्थ असा: वाचन चांगलं. वजाबाकीत मधे शून्य आलं की हातचा घेताना अडतो. मागे बसवू नका, फळा दिसत नसला तरी सांगत नाही. नव्या शाळेतल्या बाईंनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि त्याला दुसऱ्या बाकावर आणलं. आम्ही डोळे तपासले, चष्मा लागला. दोन वर्षं आम्हा आईबापाच्या लक्षात आलं नव्हतं ते राजस्थानातल्या त्या बाईंच्या आलं होतं.

मराठीचंही तसंच. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या शाळांत मराठी सक्तीची झाली आणि आमच्यासारख्या मराठी घरातली मुलंच त्यात अडली. घरी घडाघडा बोलतात, पण जोडाक्षर लिहायला सांगितलं की पेन्सिल थांबते. हे लिहायला ॲपमध्ये रकाना नव्हता, वहीत आम्हीच लिहिलं.

अमेरिकेत २०१५ च्या शिक्षण कायद्याने सैन्यातल्यांच्या मुलांचे निकाल राज्यांना वेगळे मांडायला लावले. आपल्याकडेही तसं व्हावं असं मला वाटतं, धोरण ठरवणाऱ्यांना ते हवंच. पण नव्या वर्गातल्या बाईंना सोमवारी सकाळी जे हवं असतं ते निराळं असतं.

आमचा अनुभव दोनच मुलांचा आहे, तुमचा वेगळा असू शकेल. मूल नववीच्या पुढे असेल तर बोर्डाची नोंदणी, अपार, नावाचं स्पेलिंग याकडेच आधी बघा, तिथे वही दुय्यम. पहिली ते आठवीसाठी मात्र मी वहीच म्हणेन. ट्रंकेत भिजू शकते, हरवू शकते, म्हणून प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. ॲप असेल तर त्यातलंही टीसीच्या आदल्या रात्रीपर्यंत सगळं उतरवून घ्या.

आणि बदलीचा हुकूम आला की आधी वही वर्गशिक्षकांकडे द्या, टीसीचा अर्ज नंतर. टीसी निघाली की मूल पटावरून जातं, मग त्याच्याबद्दल चार ओळी लिहायला बाईंना सवड मागणं आपल्यालाच जड जातं.